चौथ्या तासातली सीट

प्रति,
वाहनांच्या सीटचे आराखडे करणारे अभियंते, त्या आराखड्यांवर शेवटची सही करणारे अधिकारी आणि सीटची मानकं ठरवणाऱ्या समित्यांचे सदस्य यांना,

स. न. वि. वि.

तुमची-माझी ओळख नाही, पण तुमच्या कामाशी माझा रोजचा संबंध येतो. यंत्रं बसवणं आणि ती बिघडली की दुरुस्त करणं हा माझा व्यवसाय. त्यापायी गेली १८ वर्षं आठवड्यातले तीन-चार दिवस मी गाडी चालवते, एका दमात तीन ते पाच तास. या काळात चार गाड्या झाल्या. चारही गाड्यांची सीट शोरूममध्ये बसून पाहिली तेव्हा आवडली होती, आणि चारही गाड्यांत तीन महिन्यांच्या आत माझ्या कंबरेमागे टॉवेलची गुंडाळी आली.

सात वर्षांपूर्वी माझ्या कंबरेतली, मणक्यांमधली सर्वांत खालची गादी सरकली. डाव्या पायात घोट्यापर्यंत कळ जायची, शिंक आली तरी डोळ्यांसमोर अंधारी यायची. सहा आठवडे काम बंद होतं. त्याला एकटी सीटच कारणीभूत होती असं मी म्हणणार नाही, जड अवजारं उचलणंही माझ्या कामात आहे. पण उभी असताना आणि चालताना जी कळ सोसवत होती, ती गाडीत चाळीस मिनिटं झाली की सोसवेनाशी व्हायची. तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे. प्रवास संपला की तिच्यात लिहायचं: निघाले कधी, पहिल्यांदा अंग सावरून बसावंसं वाटलं ते कधी, पाय बधिर झाला तो कधी, उतरल्यावर पाठ सरळ व्हायला किती पावलं चालावं लागलं. गाडी माझी असो, सहकाऱ्याची असो की भाड्याची, लांबच्या निवडक प्रवासांच्या नोंदी तिच्यात आहेत.

त्या नोंदींतून मला जे समजलं ते तुम्हाला सांगण्यासाठी हे पत्र आहे. पहिल्या पाच मिनिटांत सीट कशी वाटते त्यावरून चौथ्या तासाचा काहीही अंदाज येत नाही. बसताक्षणी जी सर्वांत मऊ वाटली, तिच्यावर दोन तासांनंतर माझी अवस्था सर्वांत वाईट झाली. आणि एका भाड्याच्या गाडीतली सीट, जी पहिल्यांदा बसताना फळीसारखी लागली, तिच्यावरून मी साडेचार तासांनी उतरले आणि सरळ चालत गेले. आजवर असं फक्त तीनदा घडलं आहे.

हे माझ्या एकटीच्या अंगाचं वैशिष्ट्य नाही. झँग, हेलँडर आणि ड्ररी या संशोधकांनी १९९६ साली दाखवून दिलं की बसण्यातला आराम आणि बसण्यातला त्रास ही एकाच पट्टीची दोन टोकं नाहीत. आराम वाटण्याचा संबंध मऊपणाशी, देखणेपणाशी, निवांत वाटण्याशी असतो. त्रासाचा संबंध दुखण्याशी, आखडण्याशी, मुंग्या येण्याशी असतो, आणि तो बसण्याच्या काळाबरोबर वाढत जातो. म्हणजे तुम्ही सीटला आणखी मऊ आवरण दिलंत, शिवण आणखी सुंदर केलीत, तर आराम वाढेल; त्रास जिथल्या तिथे राहील. शोरूममध्ये आम्ही आराम तपासतो आणि रस्त्यावर त्रास भोगतो. तुम्हाला हे आमच्याहून चांगलं माहीत असणार, म्हणूनच मी तुम्हाला लिहिते आहे.

माझी मागणी साधी आहे. सीट चौथ्या तासात तपासा, आणि त्या तपासणीत जे आढळेल ते गाडी घेणाऱ्याला सांगा. या पुढे जे लिहिते आहे ती सगळी या एका मागणीची कारणं आहेत.

आधी बैठकीच्या, म्हणजे सीटच्या ज्या आडव्या भागावर आपण बसतो त्याच्या, पुढच्या कडेबद्दल. तुमच्या चर्चांत ती किती वेळा येते मला ठाऊक नाही, माझ्या वहीत ती जवळजवळ पानोपानी आहे. माझी उंची १५३ सेंमी. बैठक माझ्या मांडीपेक्षा लांब असली की माझ्यापुढे दोनच वाटा उरतात. पाठ टेकेपर्यंत मागे सरकून बसले तर कड गुडघ्यामागे रुतते आणि पाय पेडलपर्यंत नीट पोचत नाहीत. पुढे सरकून बसले तर पाय पोचतात, पण पाठीला काहीच मिळत नाही. मी वर्षानुवर्षं पुढे सरकून बसले. क्लच तर दाबायलाच हवा ना! पुढे सरकल्याने छाती स्टिअरिंगच्या जवळ येते हा आणखी एक धोका. एअरबॅगसाठी स्टिअरिंगच्या मध्यापासून छातीपर्यंत किमान २५ सेंमी अंतर ठेवा असा सल्ला दिला जातो. माझ्या दुसऱ्या गाडीत ते अंतर मी कधीच ठेवू शकले नाही.

माझ्या नवऱ्याची उंची १८२ सेंमी. त्याच गाडीत त्याची तक्रार नेमकी उलटी. बैठक त्याच्या मांडीखाली अर्ध्यावरच संपते, गुडघे वर राहतात, सगळं वजन बसण्याच्या दोन हाडांवर येतं आणि दीड तासात तो एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर होऊ लागतो. एकच बैठक आम्हा दोघांनाही पुरत नाही, आणि आम्ही दोघंही काही विचित्र मापाची माणसं नाही.

कडेचा हा दाब क्षुल्लक नाही हे १९४० सालीच कळून चुकलं होतं. लंडनवर बॉम्ब पडत असताना लोक आश्रयस्थळांत कापडी आरामखुर्च्यांवर बसून रात्री काढत. फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकून होणारे मृत्यू वाढल्याचं कीथ सिम्प्सन या न्यायवैद्यक तज्ज्ञाच्या लक्षात आलं. त्या खुर्च्यांच्या पुढच्या बाजूला जो लाकडी दांडा असतो तो तासन्‌तास मांडीच्या मागच्या भागाला दाबून ठेवत होता आणि पायातलं रक्त वर चढायला अडत होतं. पुढे आश्रयस्थळांत झोपायला आडवी बाकं बसवली गेली. नंतर १९५४ साली जॉन होमन्स यांनी मोटारीने आणि विमानाने लांबचा प्रवास केल्यावर पायाच्या खोल शिरांत गुठळ्या झालेल्या रुग्णांबद्दल लिहिलं. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्हटलं आहे की चार तास किंवा त्याहून अधिक काळ हालचाल न करता बसून प्रवास केला की अशा गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो, मग प्रवास विमानाचा असो, रेल्वेचा, बसचा की मोटारीचा. मुळात हा धोका लहान आहे, उगाच कोणाला घाबरवायचं नाही. पण चार तास हा आकडा पाहा. तुमच्या चाचण्या त्याच्या आधीच संपत असतील तर मग त्या कशाची चाचणी घेतात?

उपाय तुम्ही स्वतःच शोधलेला आहे. पुढच्या बाजूने आत-बाहेर सरकणारी बैठक आणि पुढची कड वर-खाली करण्याची सोय, या दोन्ही गोष्टी अनेक गाड्यांत आहेत. फक्त त्या महागड्या मॉडेलांत आहेत. मांडीची लांबी माणसाच्या उत्पन्नावर ठरत नाही. सरकणारी बैठक सगळ्यांना देणं जमत नसेल तर बैठक थोडी आखूड ठेवा आणि पुढची कड गोलसर उतरती करा. आखूड बैठकीवर उंच माणसाला मांडीचा आधार कमी पडतो, त्याला त्रास होतो, पण तो निदान पाठ टेकून बसू शकतो. लांब बैठकीवर माझ्यासारखीला पाठ टेकताच येत नाही. दोन्हीतलं एक निवडायची वेळ आली तर कोणाचं नुकसान जास्त, याचा विचार करून निवडा.

मापांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगते. १९५० साली अमेरिकेच्या हवाई दलाने ४,०६३ वैमानिकांची मापं घेतली. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकाने त्यांतली दहा मापं निवडली आणि दहाही बाबतींत सरासरीच्या आसपास बसणारे वैमानिक किती, हे मोजलं. एकही निघाला नाही. त्यानंतर विमानाच्या कॉकपिटमधली सीट, पेडल, पट्टे हे सगळं माणसाच्या मापाने जुळवता येईल असं करण्याकडे हवाई दल वळलं. मोटारींच्या सीटमध्ये खुब्याच्या सांध्याचा बिंदू कुठे येईल हे ठरवायला तुम्ही आजही जो यंत्रपुतळा वापरता, त्याचं धड सरासरी पुरुषाच्या मापाचं आहे. पुतळा मोजमापाला सोयीचा आहे, हे मला मान्य आहे. एका आराखड्याची दुसऱ्याशी तुलना करायला काहीतरी ठरलेलं माप लागतंच. पण पुतळ्याच्या पायाला मुंग्या येत नाहीत, म्हणून त्याच्यावर थांबू नका.

आता कंबरेकडे येते.

माणूस उभा असतो तेव्हा कंबरेच्या मणक्यांना आतल्या बाजूला एक बाक असतो. खाली बसलं की मांड्या वर येतात, मांडीमागचे स्नायू ताणले जातात, ते ओटीपोटाच्या हाडाला मागे ओढतात आणि हा बाक सपाट होतो. कीगन या शल्यविशारदाने १९५३ साली क्ष-किरण छायाचित्रं घेऊन हे दाखवलं. मांडी आणि धड यांच्यातला कोन साधारण १३५ अंश असतो तेव्हा कण्यावरचा ताण सर्वांत समतोल असतो, असं त्याला आढळलं. मोटार चालवताना इतका कोन मिळणं अवघड, कारण रस्ता दिसला पाहिजे आणि हात-पाय पोचले पाहिजेत. पण काटकोनाकडून त्या दिशेने जितकं जाता येईल तितकं बरं.

स्वीडनमध्ये नाकेमसन, अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवंत माणसांच्या मणक्यांमधल्या गादीत सुई घालून आतला दाब मोजला. १९७४ साली त्यांनी असाच एक प्रयोग मोटारचालकाच्या सीटवरही केला. सीटची पाठ मागे कलवली की दाब कमी झाला, आणि कंबरेच्या पोकळीला आधार दिला की आणखी कमी झाला. नाकेमसन यांच्या आकड्यांची पुढे पुन्हा तपासणी झाली. आधाराशिवाय बसलं की दाब उभं राहण्यापेक्षा बराच वाढतो हे त्यांचं म्हणणं १९९९ सालच्या एका मोजणीत तितकंसं टिकलं नाही. पण पाठ मागे टेकली की दाब उतरतो, हे त्या मोजणीतही दिसलं. म्हणजे ज्या सीटवर पाठ खरोखर टेकते ती चांगली सीट, आणि माझा टॉवेल नेमकं तेच काम करतो.

टॉवेल कुठे ठेवायचा हे मात्र मला शिकावं लागलं. कंबरपट्टा बांधतो त्याच्या किंचित वर ठेवला की बरं वाटतं. चार बोटं वर गेला तर तो फासळ्यांच्या खाली टोचतो आणि उलट मला पुढे ढकलतो, माझी पाठ आणखी वाकते. आता तुमच्या सीटमधला आधार पाहा. बहुतेक साध्या गाड्यांत तो नसतोच. जिथे असतो तिथे पुष्कळदा एकाच उंचीवर घट्ट बसवलेला असतो, फक्त पुढे-मागे होतो. नवऱ्याच्या कंबरेला जो आधार लागतो तो माझ्या पाठीच्या मध्यावर येतो. तो आधार पुढे घेते तितका त्रास वाढतो, म्हणून मी तो पूर्ण मागे नेऊन ठेवते आणि टॉवेल लावते. आधार वर-खाली होईल अशी सोय नसेल तर तो आधार नसल्यासारखाच आहे. ही सोय चालकाच्या शेजारच्या सीटलाही द्या. लांबच्या प्रवासात चालक आलटून-पालटून बदलतात, आणि शेजारी बसणाऱ्यालाही कंबर असते.

कंपनांबद्दल मला तुमच्याशी सर्वांत जास्त बोलायचं आहे, कारण यंत्रांच्या कामामुळे हा विषय माझ्या हाताखालचा आहे. एखादा पंप जमिनीवर बसवताना त्याखाली कुठलं रबर घालायचं हे मी रोज ठरवते. चुकीचं रबर घातलं तर कंपन थांबत नाही, उलट वाढतं. बसलेल्या माणसाचं शरीर उभ्या दिशेने साधारण ५ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला पाच वेळा येणाऱ्या कंपनाला, सर्वांत जास्त हलतं. आयएसओ २६३१ या, शरीराला बसणाऱ्या कंपनांबद्दलच्या आंतरराष्ट्रीय मानकातही ४ ते ८ हर्ट्झच्या पट्ट्यातली उभी कंपनं सर्वांत त्रासदायक धरली आहेत. आणि साधी फोमची सीट, वर माणूस बसलेला असताना, स्वतः ४ हर्ट्झच्या आसपास डोलते. त्या ठिकाणी ती खालून आलेला हादरा दीडपट ते दुप्पट करून वर पाठवते. ज्या हादऱ्यापासून आम्हाला वाचवायचं, नेमका तोच हादरा सीट मोठा करते. माझ्या कामात मी असा पंप बसवून दिला असता तर मला दुसऱ्या दिवशी परत बोलावलं असतं.

जाड आणि मऊ फोम म्हणजे कमी हादरे, हा समज म्हणूनच धोक्याचा आहे. मऊ फोम खड्ड्यात तळाला जाऊन आदळतो. मग खालची पत्र्याची चौकट थेट हाडाला लागते. फोम किती दबल्यावर किती विरोध करतो, हे तुम्ही २५ टक्के आणि ६५ टक्के दाबून मोजता आणि त्यांचं गुणोत्तर काढता. ते गुणोत्तर चांगलं असेल तर सीट वरून मऊ आणि आतून भक्कम लागते. ते सांभाळणारा फोम वापरायचा की स्वस्तातला, हा निर्णय कोणीतरी एका सभेत घेतं. त्या सभेत आम्ही नसतो, म्हणून हे पत्र.

ट्रकच्या केबिनमध्ये हवेच्या पिशवीवर तरंगणारी सीट असते. तिची स्वतःची कंपनसंख्या १ ते दीड हर्ट्झच्या आसपास ठेवलेली असते, त्यामुळे ४ ते ८ हर्ट्झचे हादरे तिच्यात बरेचसे जिरतात. चालकाचं वजन किती त्याप्रमाणे ती जुळवता येते. मोटारीत इतकी जागा नसते, हे मी समजू शकते. पण लहान मालवाहू गाड्या, प्रवासी व्हॅन आणि लहान बस यांत ती का नसावी? त्या चालकांचा दिवस ट्रकवाल्याइतकाच लांब असतो. युरोपीय संघाच्या २००२ सालच्या निर्देशात कामावरच्या माणसाला आठ तासांत किती कंपन सोसायला लावायचं याची मर्यादा ठरवली आहे: कंपनाच्या जोराने (त्वरणाने) ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग गाठलं की मालकाने उपाय सुरू करायचे, आणि १.१५ च्या वर जाऊ द्यायचं नाही. केल्सी आणि हार्डी यांच्या १९७५ सालच्या अभ्यासात, कामाचा अर्धा किंवा त्याहून जास्त वेळ वाहन चालवणाऱ्या पुरुषांत कंबरेची गादी सरकण्याचं प्रमाण इतरांच्या जवळजवळ तिप्पट आढळलं होतं. त्याला पन्नासेक वर्षं झाली.

आणि नव्या सीटवर घेतलेली चाचणी ही नव्या सीटचीच चाचणी असते. फोमचा तुकडा निम्म्या जाडीपर्यंत दाबून ७० अंश सेल्सिअसला २२ तास ठेवायचा आणि मग तो किती सावरतो ते पाहायचं, ही तुमची नेहमीची तपासणी मला ठाऊक आहे. ती फोमची तपासणी आहे, सीटची नव्हे. खऱ्या सीटमध्ये काय होतं ते मी माझ्या तिसऱ्या गाडीत शिवणकामाच्या टेपने मोजलं. चार वर्षांत दाराकडच्या बाजूची बैठक आतल्या बाजूपेक्षा १४ मिलिमीटर खाली गेली होती. दर वेळी उतरताना-चढताना त्याच कडेवरून घसरावं लागतं, त्यामुळे ती आधी मरते. म्हणजे मी रोज तीन-चार तास किंचित कलंडून बसत होते आणि मला ते कळतही नव्हतं. मागच्या खिशातल्या जाड पाकिटावर बसून सायटिका झाल्याची नोंद १९७८ साली एका वैद्यकीय नियतकालिकात आली होती. पाकीट खिशातून काढता येतं, पण बसलेला फोम बदलून मिळत नाही. मी विचारलं तेव्हा बैठकीचा फोम वेगळा मिळत नाही, पूर्ण सीट घ्या, असं उत्तर मिळालं. फोमचा भाग वेगळा विकायला ठेवा. चाकं, ब्रेक, वायपर सगळं झिजतं म्हणून बदलता, फोमही झिजतो.

काही लहान गोष्टी भराभर सांगते. हेडरेस्ट डोक्याच्या जवळ असावा, मागून धडक बसली तर मान वाचते, हे योग्यच आहे. पण तो पुढे-मागेही व्हायला हवा. लहान उंचीच्या माणसाला आणि केसांचा अंबाडा घालणाऱ्या बाईला तो मान खाली घालायला लावतो, मग ती बाई सीटची पाठच मागे पाडते आणि सगळी बसण्याची रीत बिघडते. पेडल सीटच्या मध्यरेषेपासून एका बाजूला सरकलेले असतील तर कंबर पिळवटून बसावं लागतं. आराखड्याच्या कागदावर ते अंतर लहान दिसतं, पण तिसऱ्या तासात कंबरेला जाणवतं. आवरणातून घाम निघून गेला पाहिजे. आणि सीटच्या डाव्या-उजव्या बाजूंचे उंचवटे इतके खोल करू नका की माणूस त्यांच्यात अडकून बसेल. वळणावर ते धरून ठेवतात खरं, पण सरळ रस्त्यावर अंग हलवू देत नाहीत. मणक्यांमधल्या गादीला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात, तिचं पोषण आजूबाजूने झिरपून होतं आणि त्याला हालचाल लागते. कुठलीही एकच बसण्याची रीत, कितीही अचूक असली तरी, चार तास धरून ठेवणं वाईटच. चांगली सीट माणसाला दर दहा मिनिटांनी थोडं वेगळं बसू देते.

मागच्या सीटबद्दल कोणी बोलतच नाही. माझी आई ७१ वर्षांची आहे आणि ती मागे बसते. आमच्या ओळखीत एकाने नवी विजेवर चालणारी गाडी घेतली, तिच्यात आम्ही तिला घेऊन पाच तासांचा प्रवास केला. अशा गाड्यांत बॅटरी तळाखाली असते, त्यामुळे पाय ठेवायची जागा वर येते आणि बैठक मात्र तितकी वर येत नाही, कारण वर छत आहे. आईचे गुडघे खुब्यांच्या वर गेले होते. मांड्या बैठकीला टेकतच नव्हत्या, हाताची मूठ खालून सहज जात होती. उतरल्यावर तिला दोघांनी धरून उभं करावं लागलं, आणि ती म्हणाली, "पुढच्या वेळी मला सोडूनच जा." या बाबतीत मी फार चिडले आहे आणि ते लपवणार नाही. मागे बसणाऱ्या माणसाला बैठक पुढे-मागे करता येत नाही, पाठ कलवता येत नाही, कंबरेला आधार नाही, आणि तिथे बसतात ती बहुधा म्हातारी माणसं आणि मुलं. तळ उंच करण्याचा निर्णय घेता तेव्हाच मागच्या बैठकीचा कोन आणि उंची बदला. नंतर काही करता येत नाही.

तुमच्या अडचणी मला दिसत नाहीत असं नाही. सीट आधी जीव वाचवण्यासाठी असते. पाठ फार मागे कलली तर धडकेत माणूस कंबरेच्या पट्ट्याखालून पुढे घसरतो, म्हणून बैठकीच्या आत पुढच्या बाजूला चढ ठेवावा लागतो. अंतराळवीरांचं शरीर वजनरहित अवस्थेत ज्या स्थितीत सैल पडतं तिच्यावरून घेतलेल्या सीटही आल्या आहेत, पण त्यातला मांडी-धडाचा १२८ अंशांचा कोन चालकाच्या जागी पूर्णपणे आणता येत नाही, हे उघड आहे. वजन वाढलं की इंधन जास्त लागतं. जाड सीट मागच्या माणसाचे गुडघे खाते. या सगळ्या गोष्टींचा मेळ घालणं कठीण काम आहे, आणि जिथे तो घातला गेला आहे अशा सीटवर मी बसले आहे. त्या तीन प्रवासांनंतर मी वहीत नुसतं "काही नाही" असं लिहिलं होतं. ते लिहिताना मला किती बरं वाटलं होतं, हे मला तुम्हाला सांगता येत नाही.

मानकं ठरवणाऱ्या समित्यांना वेगळं सांगायचं आहे. युरोपात व्यावसायिक चालकाने साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं थांबलंच पाहिजे असा नियम आहे. चांगला नियम आहे, तो पाळला जावा. पण त्या साडेचार तासांत चालकाच्या खाली काय असावं, याची कुठलीच अट त्या नियमात नाही. धडकेत सीट तुटू नये, पट्टा सुटू नये, कापड पेटू नये यासाठी कडक चाचण्या आहेत. सीट माणसाला हळूहळू जे करते त्याची चाचणी नाही. ती तुम्ही ठरवा. लहान, मध्यम आणि मोठ्या बांध्याच्या, दोन्ही लिंगांच्या, तरुण आणि वयस्क माणसांना चार तास बसवा, खऱ्या रस्त्यावर किंवा रस्त्याची कंपनं देणाऱ्या फलाटावर. दर अर्ध्या तासाला शरीराच्या कोणत्या भागात किती त्रास होतो ते विचारा. पुढच्या आणि मागच्या दोन्ही सीटवर. मग तीच चाचणी काही वर्षं वापरलेल्या सीटवर घ्या. इंधन किती लागतं याचा आकडा गाडीच्या माहितीपत्रकात असतो, सामानाची जागा किती लिटर हेही असतं. बैठकीची लांबी किती, ती किती सरकते, कंबरेचा आधार कुठून कुठपर्यंत वर-खाली होतो आणि चौथ्या तासात त्रास किती, हे चार आकडेही तिथे असू द्या. आकडे समोर आले की गाडी घेणारे विचारायला लागतील, आणि त्यांनी विचारलं की आराखडेही बदलतील.

तोवर आम्ही टॉवेल वापरतच राहू आणि दर दोन तासांनी उतरून चालू. उत्तम सीट मिळाली तरी उतरून चालायला हवंच.

माझ्या वहीत आजवर २११ प्रवासांच्या नोंदी आहेत, १९ वेगवेगळ्या गाड्यांतल्या, त्यांतल्या ४३ नोंदी मागच्या सीटवरच्या. ती काही शास्त्रीय चाचणी नाही, एका बाईच्या एका पाठीची हकिगत आहे. पण वेळा अचूक आहेत आणि मापं टेपने घेतलेली आहेत. तुमच्यापैकी कोणाला उपयोग होणार असेल तर कोणत्या प्रकारच्या गाडीच्या नोंदी हव्यात तेवढं कळवा, त्या पानांच्या प्रती मी पाठवीन.

कळावे,

आपली विश्वासू,
लांबच्या वाटेवरची एक चालक